आवाजाची वही : जुनं ठेवू का नवं घेऊ?

(रेकॉर्डिंगविषयी वाचकांचे प्रश्न आणि अंबाजोगाईच्या आमच्या रेकॉर्डिस्ट काकूंची उत्तरं)

प्रश्न : काकू, मी केज तालुक्यातला, वय २३. माझी आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. २०१९च्या दिवाळीत मी तिला दळता दळताच लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमात रेकॉर्ड केलं. चाळीसेक मिनिटं असतील. आजी २०२१ला गेली. आता नवा लॅपटॉप घेतलाय, त्यात ऑडॅसिटीचं नवं ३ टाकलंय. जुन्या लॅपटॉपवरून ‘आजी’ नावाची फाइल पेनड्राइव्हवर आणली अन् उघडायला गेलो तर ते म्हणायलंय डेटा सापडत नाही. पडद्यावरची आवाजाची रेघ सगळी सपाट दिसायलीय. एक मित्र म्हणतो, जुनं व्हर्जन टाक म्हणजे उघडंल. दुसरा म्हणतो, नवंच ठेव, त्यात आवाज साफ होतो, जात्याची घरघरबी काढून टाकता येती. जुना लॅपटॉप चुलतभावाला द्यायचाय, तो फॉरमॅट मारून घेणार आहे. कोणतं व्हर्जन ठेवू?

उत्तर : तुझं पत्र दुपारी हाती पडलं आणि फॉरमॅटची ओळ वाचल्याबरोबर मी तुला फोन लावला. अंक छापून तुझ्यापर्यंत येईस्तोवर वाट बघितली असती तर तो लॅपटॉप कोरा झाला असता. फोनवर घाईत जे बोलले ते इथं नीट लिहिते, कारण अशीच अडचण घेऊन कितीतरी पोरं येतात आणि दर वेळी फोन वेळेवर लागतोच असं नाही.

आधी हे समजून घे की तुझ्या पेनड्राइव्हवर आजीचा आवाज आलेलाच नाही. त्या फाइलवर उजवं बटण दाबून तिचं वजन बघ. काही केबी असेल. चाळीस मिनिटांचा आवाज एवढ्याशा जागेत मावत नाही. ऑडॅसिटीच्या २च्या मालिकेत प्रोजेक्टचे दोन भाग असायचे. एक छोटी फाइल, जिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एयूपी असतं. तिच्यात फक्त यादी असते, कोणता तुकडा कुठं बसवायचा त्याची. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरचं नाव प्रोजेक्टचंच, पुढं अंडरस्कोर आणि डेटा. त्याच्या पोटात आणखी फोल्डर आणि त्यात सहा-सहा सेकंदांचे बारके तुकडे. तुझ्या चाळीस मिनिटांचे चारशेच्या आसपास तुकडे असतील. तू यादी उचललीस आणि धान्याचं पोतं तिथंच राहिलं. म्हणून जुनं व्हर्जन टाकूनही ते उघडलं नसतं. पहिल्या मित्राचा सल्ला इथं लागूच पडत नाही.

आता काय करायचं ते क्रमानं कर. जुना लॅपटॉप चालू कर, पण त्यातलं एकही नाव बदलू नकोस. फाइलचं नाव हातानं बदललं की यादी आणि फोल्डर यांची गाठ सुटते, कारण यादीच्या आत फोल्डरचं नाव लिहिलेलं असतं. तिथल्याच जुन्या ऑडॅसिटीत ‘आजी’ उघड. पूर्ण ऐक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चाळीस मिनिटं बसून. मग फाइल मेन्यूतून वेव्ह फाइल म्हणून एक्स्पोर्ट कर, २४ बिट. एकेरी ट्रॅक असेल तर मिनिटाला ८ एमबी धर, म्हणजे सगळं मिळून ३२० एमबीच्या आसपास. एमपी३ नको. एमपी३ ऐकायला आणि नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ठीक आहे, पण ती आवाज घटवून बनते आणि घटवलेलं परत येत नाही. वेव्ह तयार झाली की ती एकदा दुसऱ्या कुठल्याही प्लेअरमध्ये वाजवून बघ. त्यानंतर एयूपी फाइल आणि डेटा फोल्डर, दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून नव्या लॅपटॉपवर आण.

हे झाल्यावर व्हर्जनचा प्रश्न. मार्च २०२१ला ऑडॅसिटीचं ३.० आलं आणि त्यांनी ही दोन भागांची रीतच मोडली. आता सगळं एकाच फाइलमध्ये राहतं, शेवटी एयूपी३ असं लिहिलेलं. तुझ्यासारख्या किती जणांचे आवाज त्या मागं राहिलेल्या फोल्डरांपायी गेले असतील, त्यामुळे हा बदल मला मनापासून आवडला. नवं ३ तुझा जुना एयूपी प्रोजेक्ट उघडतं, त्याची नवी प्रत करतं आणि जुन्याला हात लावत नाही. उलटं मात्र होत नाही. ३मध्ये सेव्ह केलेलं २मध्ये उघडत नाही. म्हणून तुझ्या नव्या लॅपटॉपवर ३च ठेव. जुन्यावर जे २ आहे ते तसंच राहू दे, आणि चुलतभावाला लॅपटॉप द्यायचा असला तरी महिनाभर थांब.

दोन बारीक गोष्टी, ज्यांत पोरं अडकतात. साध्या पेनड्राइव्हवर बहुतेक वेळा फॅट३२ नावाची जुनी मांडणी असते. तिच्यावर ऑडॅसिटी ३ प्रोजेक्ट सेव्हच करू देत नाही. काम लॅपटॉपच्या डिस्कवर कर. आणि प्रोजेक्ट उघडा असताना फाइल कॉपी करू नकोस. त्या वेळी शेजारी आणखी एक तात्पुरती फाइल असते आणि ताजं काम कधी कधी तिच्यातच असतं. प्रोग्रॅम बंद कर, मग कॉपी कर.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. ३.२पासून, म्हणजे २०२२पासून, इफेक्ट, म्हणजे आवाजात बदल करणारी हत्यारं, वाजता वाजता लावता येतात आणि नको वाटले तर काढता येतात. जुन्यात इफेक्ट लावून फाइल सेव्ह करून बंद केली की तो आवाजात कायमचा मुरायचा. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा नवं घ्यावं. पण आवाजातली खरखर काढणारा जो इफेक्ट आहे, नॉइज रिडक्शन, तो नव्यातही तसा चालत नाही. तो लावला की लागला. तेव्हा मूळ वेव्ह बाजूला ठेवायची आणि तिच्या प्रतीवर जे करायचं ते करायचं.

आणि आता जात्याविषयी. बाळा, घरघर काढू नकोस.

मी हे तांत्रिक कारणानंही सांगते. नॉइज रिडक्शनला आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो आणि मग तो तसला आवाज सगळीकडून वजा करतो. पंख्याची किंवा फ्रिजची घुंईऽऽ एकसारखी असते, ती बरी निघते. जातं एकसारखं नसतं. घास घातला की जड होतं, पीठ पडू लागलं की हलकं होतं, खुंटा ओढताना वेगळं आणि ढकलताना वेगळं वाजतं. ते उपटायला गेलास की आजीच्या आवाजाची किनार सोबत निघून येईल आणि ती पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येईल. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. ओवीची लय जात्यानंच धरलेली असते. तिसऱ्या ओळीनंतर आजी थांबते ना, ती श्वास घ्यायला, घास घालायला थांबते. जातं काढलंस तर त्या थांबण्याला काही अर्थच उरणार नाही, तिथं नुसता खड्डा दिसेल. बाहेरून मोटारसायकल गेली असेल, कुणी दार आपटलं असेल, तेवढं हलक्या हातानं कमी कर. जातं राहू दे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात आपल्या बीड जिल्ह्यातलं माजलगावही आहे. ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या वेबसाइटच्या संग्रहात आज त्या वाचायला मिळतात, काही ऐकायलाही मिळतात. ते काम माझ्या मनात भरलं ते एका गोष्टीसाठी: ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. तुझ्या वेव्हच्या शेजारी एक साधी मजकूर-फाइल ठेव. आजीचं नाव, माहेर, सासर, तारीख, कोणत्या घरात बसवून घेतलं, शेजारी कोण होतं, कोणती ओवी तिच्या आईची म्हणून तिनं सांगितली. आवाज ऐकून हे कुणालाच कळणार नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांचीही वयं झाली असतील. आत्या असेल तर या आठवड्यात तिच्याकडे जा.

प्रश्न : मॅडम, हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर माझा छोटा स्टुडिओ आहे. चौदा वर्षं झाली. भीमजयंतीची गाणी, नवरात्रात देवीची, लग्नसराईत नवरदेवाच्या नावाची. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम क्युबेस ५ आहे, विंडोज ७ आहे, कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदारानंच टाकून दिलं होतं. हात पक्का बसलाय, डोळे मिटून काम करतो. आता पुण्याचे मिक्सिंगवाले म्हणतात, नवं क्युबेस घ्या अन् प्रोजेक्टच पाठवा. नव्यात माझे ढोलकी-संबळाचे जुने प्लगइन (प्रोग्रॅमला जोडायची तयार वाद्यं) चालतील का? अन् नवं घेतल्यावर गायकाला हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो तो प्रॉब्लेम जाईल का?

उत्तर : हात बसलाय असं तुम्ही लिहिलंत, त्याची किंमत मला माहीत आहे. मी १९९४ला चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर सुरुवात केली आणि २००१ला कॉम्प्युटरच्या कूल एडिट प्रो प्रोग्रॅमवर आले, तेव्हा वर्षभर उजवा हात नॉब शोधत होता. म्हणून नवं आलं की घ्यायचंच असं मी कुणाला सांगत नाही. पण तुमच्या बाबतीत आता बदलायला हवं असं माझं मत आहे. कारणं सांगते.

क्युबेस ५ हे २००९चं. तुमच्याकडे ते ३२ बिटमध्ये चालत असणार, म्हणजे कॉम्प्युटरात कितीही रॅम टाकली तरी त्याला ४ जीबीच्या पुढं हात घालता येत नाही. क्युबेस ९पासून, २०१६पासून, प्रोग्रॅम फक्त ६४ बिट झाला आणि त्यानं ३२ बिटचे प्लगइन घेणं बंद केलं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नव्या क्युबेसमध्ये तुमची ढोलकी आणि संबळ वाजणार नाहीत. जुना प्रोजेक्ट उघडेल, ट्रॅक दिसतील, पण त्या जागी प्लगइन नाही असं म्हणेल. भरीला क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गनं २०२२ला जाहीर केलंय की प्लगइनच्या जुन्या व्हीएसटी२ पद्धतीचा आधार ते आपल्या प्रोग्रॅममधून काढून घेणार आहेत.

दुसरी गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. त्या काळात क्युबेस विकत घेतलं की सोबत यूएसबीचा डोंगल यायचा, तो लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. तुमच्या पत्रात त्याचं नाव नाही. दुकानदारानं ‘टाकून दिलेलं’ म्हणजे क्रॅक, कुलूप तोडलेली फुकटातली प्रत. आपल्याकडच्या कितीतरी स्टुडिओंची सुरुवात अशीच झाली, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची. पण क्रॅकमधून काय काय आत येतं ते कुणी तपासलेलं नसतं, आणि तुमच्या त्याच मशीनवर चौदा वर्षांत येऊन गेलेल्या गायकांचे आवाज आहेत. गायकाला त्याचं मानधन मिळावं म्हणून आपण भांडतो. प्रोग्रॅम लिहिणाराही कारागीरच आहे. आता तुमचा धंदा उभा आहे, तेव्हा तेवढं देता येईल.

द्यायला फार लागतं असंही नाही. रीपर नावाचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतो. ज्यांची वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या आत आहे त्यांना त्याचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपये. ७वं व्हर्जन चालू असताना घेतलं तर ८ची सगळी अपडेट त्यातच येतात. आणि तुमच्या कामाची खरी गोष्ट ही की ६४ बिटच्या रीपरमध्ये ३२ बिटचे प्लगइन चालवायची सोय आहे. शंभर टक्के सगळे चालतील असं मी लिहून देत नाही, म्हणून ते साठ दिवस वापरा आणि तुमचा एकेक प्लगइन लावून बघा. क्युबेसवरच जीव असेल तर त्याची स्वस्त, छोटी आवृत्तीही मिळते, एलिमेंट्स. फक्त ढोलकीचा प्रश्न तिथं राहील. मला विचाराल तर संबळासाठी प्लगइन शोधूच नका. तुमच्या भागात गोंधळी आहेत. त्यांना बोलवा, दोन माइक लावा, तासभर वाजवून घ्या आणि पैसे द्या. ज्या आवाजापायी तुम्ही व्हर्जन बदलायला भिताय, त्याच्यापेक्षा तो सरस निघेल.

हेडफोनमधला उशीर व्हर्जननं जात नाही. तो साउंड कार्डाच्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) आणि बफरवर (आवाज क्षणभर साठवून पुढं देणाऱ्या कप्प्यावर) आहे. ४८ किलोहर्ट्झला बफर १०२४ ठेवला तर त्यानं एकट्यानंच २१ मिलिसेकंद जातात, जाताना आणि येताना मिळून त्याच्या दुप्पट. २५६ ठेवला तर एका बाजूला ५च. गाताना २५६ किंवा १२८ ठेवा, मिक्सिंगला बसलात की १०२४ करा. साउंड कार्डासोबत आलेला, उशीर कमी करणारा एसिओ ड्रायव्हरच निवडलाय ना, तेही बघा. आणि मशीन बदलण्याआधी त्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी निघतो का हे कंपनीच्या साइटवर पाहून घ्या. फायरवायरचं जुनं कार्ड असेल तर नव्या लॅपटॉपला ते लावायला जागाच नसते. माणसं प्रोग्रॅमचा विचार महिनाभर करतात आणि इथं अडकतात.

पुणेकरांना प्रोजेक्ट पाठवायची गरज नाही, तो त्यांचा आळस आहे. प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह म्हणून द्या, २४ बिट, आणि प्रत्येक वेव्ह गाण्याच्या शून्यापासून सुरू झालेली पाहिजे, मग त्यात पहिली दोन मिनिटं शांतता का असेना. सोबत टेम्पो लिहा, पट्टी लिहा. मग त्यांच्याकडे कोणतं का व्हर्जन असेना, सगळे ट्रॅक आपोआप जागेवर बसतील.

शून्यापासून का, ते मी फार महागात शिकले. २०११ला परळीकडच्या एका म्हाताऱ्या भारूडकारांचं काम माझ्याकडे चालू होतं. नऊ भारुडं. पाच झाली होती. मध्येच माझा कॉम्प्युटर जुना वाटायला लागला, नवा आणला, त्यात प्रोग्रॅमचं नवं व्हर्जन टाकलं. जुना प्रोजेक्ट उघडला, तीन ट्रॅक मुके. मी घाबरून काहीबाही दुरुस्त करत गेले आणि त्याच नावावर सेव्ह केलं. झालं, आता तो जुन्या व्हर्जनमध्येही उघडेना. आवाज सगळे फोल्डरमध्ये होते, पण ‘ऑडिओ ०१’पासून ‘ऑडिओ ९३’पर्यंत सुटे तुकडे, कोणता कुठं लागतो याचा पत्ता नाही. बाबांना पुन्हा बोलवायचं ठरवलं तोवर ते आजारी पडले आणि महिन्यात गेले. अकरा रात्री मी टाळाच्या ठोक्यावर ते तुकडे जुळवत बसले. चार भारुडं पूर्ण झाली. पाचव्याचं शेवटचं कडवं त्यांनी दोनदा म्हटलं होतं, एकदा हसत आणि एकदा फार गंभीर होऊन. त्यांना कोणतं ठेवायचं होतं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही. त्यांचा मुलगा भेटला की विचारतो. माझ्याकडे उत्तर नसतं.

तेव्हापासून चालू कामात मी व्हर्जन बदलत नाही. तुम्हीही आत्ता काही हलवू नका. जानेवारीपासून भीमजयंतीचं काम सुरू होतं ते १४ एप्रिलपर्यंत दम घेऊ देत नाही, लगेच लग्नं. भाद्रपदात देवीच्या गाण्यांची घाई. आपल्याकडे मृगाच्या पेरण्या लागल्या की गाणारे-वाजवणारे सगळे रानात असतात. ते पंधरा-वीस दिवस धरा. त्याआधी जुन्या मशीनवरचं प्रत्येक गाणं शून्यापासूनच्या वेव्हमध्ये काढून घ्या, त्या मशीनची इंटरनेटची वायर काढा आणि तिला आहे तशी कोपऱ्यात राहू द्या. नव्या मशीनवर एक नवं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. गिऱ्हाइकाचं नको, तुमच्या आवडीचं.

प्रश्न : ताई, मी परभणीचा निवृत्त शिक्षक. २०१२पासून सप्ताहातली कीर्तनं रेकॉर्ड करतो, आवड म्हणून. तीनशेच्या वर प्रोजेक्ट झाले आहेत. विंडोज १०ची अपडेट बंद झाली असं मुलगा म्हणतो आणि माझा कॉम्प्युटर ११ घेत नाही. नवीन घेऊन सगळे प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये बदलून ठेवावेत का?

उत्तर : सर, मुलगा बरोबर सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. पण त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर बंद पडलेला नाही. नेटवर बँकेचं काम त्याच्यावर करू नका, कुणाचीही पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नका, रेकॉर्डिंगपुरता वापरा. सप्ताहाच्या मांडवात लाइट जाते, तेव्हा आधी यूपीएसची बॅटरी बदला. नव्या कॉम्प्युटरपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

तीनशे प्रोजेक्ट बदलत बसू नका. नवं व्हर्जनही दहा वर्षांनी जुनं होणार आणि तुम्ही पुन्हा तिथंच याल. वेव्ह काढा. तासाभराच्या एकेरी कीर्तनाला ४८ किलोहर्ट्झ २४ बिटनं ५२० एमबी लागते, म्हणजे तीनशे कीर्तनं दोन-दोन तासांची धरली तरी १ टीबीच्या डिस्कमध्ये बसतात. रोज दोन काढलीत तर पाच महिन्यांत सगळी होतील.

कोणत्या क्रमानं काढायची, ते मात्र ठरवून घ्या. २०१२पासून नको. एका कागदावर बुवांची नावं लिहा आणि जे आता नाहीत त्यांच्यापासून सुरू करा. त्यानंतर ज्यांचं वय झालं आहे ते. पखवाजिया आणि टाळकऱ्यांची नावं आठवत असतील तर फाइलसोबत लिहा, ती पत्रिकेत छापलेली नसतात. डिस्क दोन घ्या. दुसरी मुलाकडे ठेवा, घरात नको, आणि दर दिवाळीला दोन्ही जोडून चार-दोन कीर्तनं वाजवून बघा.